झोपेची गोळी, ट्रामाडॉल आणि मॉर्फिन : छोट्या दवाखान्यात ही औषधं लिहायची कशी, सांभाळायची कशी

तालुक्याच्या गावी नुकताच दवाखाना सुरू केलेल्या एका तरुण डॉक्टरांचा प्रश्न आहे. थोडक्यात असा : रोज कुणी ना कुणी जुनी चिठ्ठी घेऊन येतं आणि झोपेची तीच गोळी परत लिहून मागतं. नाही म्हटलं तर माणूस नाराज, लिहून दिली तर मनाला खटकतं. ट्रामाडॉल आणि फोर्टविन ही वेदनेवरची औषधं मागणारेही येतात. कॅन्सरच्या एका पेशंटला घरी मॉर्फिन सुरू आहे आणि त्याला हात लावायचीच धास्ती वाटते. ही औषधं लिहायची कशी, ठेवायची कशी, आणि कायद्याच्या कचाट्यात न सापडता पेशंटचं भलं कसं करायचं?

डॉक्टर, तुमची भीती खरी आहे, पण ती चुकीच्या औषधाला चिकटली आहे. आणि हे फक्त तुमचं नाही. मॉर्फिनचं नाव काढलं की आपल्यातले जाणतेही हात आखडता घेतात, आणि तेच हात 'अल्प्राझोलाम, रात्री एक, चालू ठेवा' असं दिवसातून कितीदा तरी लिहितात. जनरल प्रॅक्टिसमध्ये जास्त नुकसान होतं ते शेवटची तारीख न घालता लिहिलेल्या त्या झोपेच्या छोट्या गोळीने, असं माझं ठाम मत आहे. दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात १० ते ७५ वयोगटातले १.०८ टक्के लोक, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख, गुंगीची औषधं डॉक्टरी सल्ल्याबाहेर घेत असल्याचं दिसलं. मालेगावात अल्प्राझोलामला 'कुत्ता गोळी' म्हणतात, छत्रपती संभाजीनगरकडे नशेच्या गोळ्यांना 'बटन'. ही गोळी म्हणजे कुठला वेगळा पदार्थ नव्हे. आपण काकूंना झोप येत नाही म्हणून लिहितो, तीच ही.

कायदा आधी उरकतो. तुम्हाला दोन गोष्टी माहीत हव्यात : १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अंमली आणि मनावर परिणाम करणाऱ्या पदार्थांचा कायदा, आणि १९४५ ची औषध नियमावली. एनडीपीएसचं कलम ८ या पदार्थांवर बंदी घालतं, पण वैद्यकीय आणि शास्त्रीय कारणांसाठीची मुभा त्याच कलमात लिहिलेली आहे. म्हणजे खरा पेशंट, खरं निदान आणि लिखित नोंद असेल तर तुम्ही कायद्याच्या आतच आहात. अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम, पेंटाझोसिन, ब्युप्रेनॉर्फिन ही सगळी या कायद्याच्या यादीत आहेत. ट्रामाडॉल एप्रिल २०१८ मध्ये त्यात आलं, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसतं. नियमावलीच्या बाजूने पाहिलं तर १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या शेड्यूल एच-वनमध्ये यातली बरीच औषधं आहेत. मेडिकलवाल्याला त्यांची वेगळी वही ठेवावी लागते. त्या वहीत डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि किती दिलं ते लिहायचं, आणि वही ३ वर्षं जपायची. म्हणून मेडिकलवाला तुमच्या चिठ्ठीचा आग्रह धरतो तेव्हा तो अडवणूक करत नसतो. असा मेडिकलवाला गावात असेल तर त्याला धरून राहा. मिथाइलफेनिडेट, केटामिन यांसारखी शेड्यूल एक्समधली औषधं आणखी कडक. चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानदार २ वर्षं ठेवतो. ही औषधं जनरल प्रॅक्टिशनरने स्वतःहून सुरू करायचं सहसा कारण पडत नाही.

आता चिठ्ठी. औषध नियमावलीच्या नियम ६५ प्रमाणे चिठ्ठीवर तुमची सही, तारीख, पेशंटचं नाव-पत्ता, डोस आणि एकूण किती औषध द्यायचं हे हवंच. शेवटची गोष्ट आपण सर्रास गाळतो. 'एचएस (रात्री झोपताना) × १५ दिवस' एवढं लिहून सोडलं तर त्या १५ च्या पुढे शून्य किंवा दुसरा आकडा पडायला वेळ लागत नाही. माझी पद्धत सांगतो : अल्प्राझोलाम ०.२५ मिलिग्रॅम, रात्री झोपताना एक, ७ दिवस, एकूण ७ (सात) गोळ्या. आकडा अक्षरातही. त्याखाली मोकळी जागा उरली तर तिरकी रेघ मारून ती बंद करायची. कशासाठी दिली ते लिहायचं : 'पतीच्या निधनानंतर तीव्र अस्वस्थता, निद्रानाश'. पुढच्या वेळी तुम्ही किंवा दुसरा कुणी डॉक्टर ती चिठ्ठी पाहील तेव्हा ते कारण संपलंय की नाही हे लगेच कळतं. आणि दुकानदाराने औषध दिल्यावर चिठ्ठीवर शिक्का आणि तारीख टाकायची असते. तुम्ही 'पुन्हा द्यावे' असं लिहिलेलं नसेल तर एका चिठ्ठीवर एकदाच औषध मिळतं. हा नियम गावातल्या दोन-तीन मेडिकलवाल्यांशी स्वतः जाऊन, चहा पिता पिता बोलून घ्या. 'सात गोळ्या लिहिल्या तर पट्टी कापून सातच द्या, आणि माझ्या चिठ्ठीबद्दल शंका आली तर रात्री दहालाही फोन करा,' एवढं सांगितलं की निम्मं काम होतं. कोऱ्या लेटरहेडवर आगाऊ सही करून ठेवू नका. पॅड आणि शिक्का खणात, कुलपात. ओपीडीच्या टेबलावर पडलेलं पॅड उचलायला कुणालाही क्षणभर पुरतो.

बेन्झोडायझेपिनवर, म्हणजे अल्प्राझोलाम-डायझेपामच्या घराण्यातल्या गोळ्यांवर, जरा थांबतो, कारण तुमचा रोजचा झगडा तिथे आहे. गोळी सुरू करताना ती किती दिवसांनी बंद होणार हे पेशंटला त्याच वेळी सांगायचं. तीव्र दुःख, अपघाताचा धक्का, काही दिवसांची घालमेल यांसाठी एक ते दोन आठवडे, फार तर चार. लिहिण्याआधी चार गोष्टी विचारा : दारू किती, घोरणं किती, दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे का, आणि दुसरी कुठली वेदनेची किंवा खोकल्याची गुंगी आणणारी औषधं चालू आहेत का. ट्रामाडॉल किंवा कोडीनच्या जोडीला अल्प्राझोलाम म्हणजे श्वास मंदावण्याचा धोका दुपटीने नव्हे, त्याहून जास्त वाढवणं. जोडीला दारू असेल तर माणूस झोपेतच जाऊ शकतो.

आणि आधी झोपेची नीट चौकशी करा. आजोबा नऊला झोपतात, तीनला जाग येते आणि ते म्हणतात रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सहा तास झोप झालेली असते, वर दुपारी दोन तास. कुणाची लघवीची गोळी रात्री लिहिलेली असते. कुणाचा गुडघा ठणकतो. कुणाला पहाटे चारला छातीत धडधड होऊन जाग येते, जेवण तुटलंय, कशात मन लागत नाही. ते नैराश्य असतं आणि त्याला अल्प्राझोलामने काहीही होत नाही, उलट उपचार लांबतात. गोळी लघवीची असेल तर सकाळी हलवा, गुडघ्याला पॅरासिटामॉल द्या, संध्याकाळचा चहा पाचच्या आत संपवा, उठायची वेळ रोज एकच ठेवा. हे सांगायला दहा मिनिटं लागतात, चिठ्ठी लिहायला वीस सेकंद. म्हणून चिठ्ठी जिंकते. ती दहा मिनिटं काढा.

वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांचं काय? त्यांना 'आजपासून बंद' असं कधीही सांगू नका. अचानक थांबवल्याने हातपाय थरथरणं, घाम, जीव कासावीस होणं इथपासून थेट फिट येण्यापर्यंत मजल जाते. एक उदाहरण घेऊ. सत्तरीच्या आजी, गेली कित्येक वर्षं अल्प्राझोलाम रोज रात्री १ मिलिग्रॅम. रात्री लघवीला उठताना दोनदा तोल गेलाय, विसरभोळेपणा वाढलाय. मुलगा म्हणतो, 'गोळी नसली की घर डोक्यावर घेते.' आजींना आधी समजवा की तोल जाणं आणि विसरणं हे वय नाही, यात गोळीचा वाटा आहे, आणि गोळी आपण त्यांच्या नकळत नाही, त्यांच्या संमतीने कमी करणार आहोत. मग ०.२५ च्या गोळ्या वापरायच्या, अर्धी केली की ०.१२५. दर दोन ते चार आठवड्यांनी ०.१२५ कमी : १ वरून ०.८७५, मग ०.७५, मग ०.६२५, असं खाली. सुरुवातीची कपात साडेबारा टक्क्यांची असते, पण ०.२५ वरून ०.१२५ वर येताना तीच कपात पन्नास टक्के होते. म्हणून खालच्या पायऱ्यांवर महिना-दीड महिना थांबा, आणि तिथे अडलं तर याच्या समतुल्य मात्रेच्या डायझेपामवर नेऊन उतरवता येतं. प्रत्येक पायरीला दोन-चार रात्री झोप बिघडणार हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे पहिल्याच रात्री मुलगा मेडिकलमध्ये धावत नाही. फार त्रास झाला तर त्याच पायरीवर थांबा, पण पुन्हा वर चढू नका. सहा ते आठ महिने लागले तरी हरकत नाही. गोळी मोडण्याचं यंत्र दुकानात स्वस्तात मिळतं, सुरीने मोडली तर तुकडे सारखे होत नाहीत. फिटचा इतिहास, दारू, खूप मोठा डोस किंवा गरोदरपण असेल तर हे एकट्याने करू नका, मनोविकारतज्ज्ञांना सोबत घ्या. जवळपास कुणी नसेल तर टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक पेशंटला आणि नातेवाइकांना द्या.

इथे एक गोष्ट अशी, जी नव्या डॉक्टरांच्या लक्षात उशिरा येते : ही औषधं दुसऱ्या नावाखाली पेशंटच्या पोटात जात असतात. 'टेन्शनची गोळी' म्हणून दिलेल्या पाकिटात एस्सिटालोप्रामसोबत क्लोनाझेपाम असतं. 'पोटाच्या मुरड्याची गोळी' म्हणून क्लिडिनियमसोबत क्लोरडायझेपॉक्साइड. 'धडधडीची गोळी' म्हणून प्रोप्रॅनोलॉलसोबत अल्प्राझोलाम. 'जुलाबाच्या' गोळीत डायफेनॉक्सिलेट. 'कंबरेच्या' गोळीत पॅरासिटामॉलसोबत ट्रामाडॉल. अशी जोडगोळी लिहिली की एक औषध कमी करायचं तर दुसरंही कमी होतं, आणि पेशंट बरं वाटलं म्हणून स्वतःच बंद करतो तेव्हा क्लोनाझेपाम एका रात्रीत तुटतं. मी जोडगोळ्या लिहीत नाही. दोन औषधं लागणार असतील तर दोन वेगळी लिहितो, आणि बेन्झोडायझेपिनला त्याची स्वतःची शेवटची तारीख देतो. नव्या पेशंटला 'काय काय चालू आहे' असं तोंडी विचारून भागत नाही. सगळी पाकिटं पिशवीत घालून आणायला सांगा आणि मागचा बारीक मजकूर स्वतः वाचा. चष्मा काढून वाचण्याइतका तो बारीक असतो, तरी वाचा.

ट्रामाडॉलबद्दल समज असा आहे की ते हलकं आहे. ते हलकं नाही. दिवसाला कमाल ४०० मिलिग्रॅम, पंचाहत्तरीपुढे ३००. फिटचा इतिहास असेल तर टाळा. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन किंवा त्यांच्यासारखी नैराश्यावरची औषधं चालू असतील तर थरथर, ताप, स्नायूंचे झटके असा सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचा अतिरेक होऊ शकतो. बारा वर्षांखालच्या मुलांना कधीच नाही. पंचविशीतला मुलगा पहिल्यांदाच फिट येऊन आला आणि मेंदूचं स्कॅन स्वच्छ असलं तर ट्रामाडॉलबद्दल न रागावता, दार लावून, एकट्याला विचारा. अंगमेहनतीची कामं करणारे, रात्रभर गाडी चालवणारे ते 'ताकदीसाठी' घेतात, काही जण लैंगिक कारणासाठी घेतात. हे तुम्ही विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही.

फोर्टविनचं, म्हणजे पेंटाझोसिनचं इंजेक्शन मागणारा पेशंट बहुधा रात्री येतो. मुतखड्याची जुनी सोनोग्राफी हातात, 'मला डायक्लोफेनॅक चालत नाही, फोर्टविनच लागतं' हे वाक्य तयार. बाह्या वर करायला सांगा. हे इंजेक्शन वारंवार घेतलेल्या माणसाच्या दंडाची आणि मांडीची कातडी लाकडासारखी कडक, खड्डे पडलेली, काही ठिकाणी जखमा असलेली लागते. एकदा बोटांना ते लागलं की विसरत नाही. पण त्याचबरोबर हेही ध्यानात असू द्या की व्यसन असलेल्या माणसालाही मुतखडा होतो. लघवी तपासा, पोट तपासा, दुखत असेल तर दुखण्यावर इलाज करा. त्याला चोर समजून हाकलून देणं हा उपचार नाही. मी अशा वेळी सरळ बोलतो : 'तुम्हाला वेदना आहेत हे मला मान्य आहे. हे इंजेक्शन मी देणार नाही, कारण त्याची सवय तुमच्या दंडावर दिसतेय. दुखण्यासाठी दुसरं देतो, आणि सवय सोडायला मदत हवी असेल तर उद्या सकाळी या, बसून बोलू.' बरेच येत नाहीत. काही येतात. एनडीपीएस कायद्याचं कलम ६४-अ हे स्वतःहून उपचाराला पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला, ठरावीक अटींवर, खटल्यापासून संरक्षण देतं. हे त्याला सांगितलं की त्याची निम्मी भीती जाते.

नकार देताना आवाज चढवू नका आणि खोटंही बोलू नका. 'आता सरकारने बंद केलंय' असं सांगून वेळ मारून नेणारे पुष्कळ आहेत. पेशंट शेजारच्या गल्लीत जातो, तिथे गोळी मिळते आणि तुमच्यावरचा विश्वास जातो. त्यापेक्षा 'मी ही गोळी अशा प्रकारे देत नाही, पण तुमची झोप माझी जबाबदारी आहे' असं म्हटलेलं चांगलं. गावात दोन-तीन दवाखाने असतील तर सगळ्यांनी मिळून एकच पद्धत ठरवा. एकाने नाकारलं की दुसऱ्याकडे, हा फेरा तेव्हाच थांबतो.

दवाखान्यात काय ठेवायचं? शक्य तितकं कमी. मी फिटसाठी डायझेपाम किंवा मिडाझोलामच्या मोजक्या अँप्युल्स ठेवतो आणि त्यांच्या जोडीला, मॉर्फिनसारख्या औषधांचा अंमल उतरवणारं नालोक्सोन. पेंटाझोसिन ठेवतच नाही. कुलपाचं छोटं कपाट, किल्ली स्वतःकडे. कंपाउंडर कितीही विश्वासू असला तरी किल्ली त्याच्याकडे नको. यात त्याचा अपमान नाही, उलट काही कमी भरलं तर संशय त्याच्यावर जात नाही. बांधीव वही ठेवा, पानांना क्रमांक घातलेली. तारीख, पेशंट, किती दिलं, किती उरलं, दोन सह्या. अर्धी अँप्युल वापरली तर उरलेलं कुणाच्या समोर टाकलं ते लिहायचं. फुटलेल्या अँप्युलची नोंद त्याच क्षणी. रिकाम्या अँप्युल्स आठवड्याच्या मोजणीपर्यंत ठेवा, मग टाका. मुदत संपलेली औषधं २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पिवळ्या पिशवीतून जातात, घरच्या केरात नव्हे.

तुम्ही स्वतः औषधं देत असाल तर एक जुनी सवय मोडावी लागेल : कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या. नियमावलीच्या शेड्यूल केमध्ये डॉक्टरला आपल्या पेशंटला औषध देण्याची सूट आहे, पण तिच्या अटी आहेत. खरेदी परवानाधारकाकडूनच, आणि बिलं जपलेली. एच किंवा एक्समधलं औषध असेल तर पाकिटावर तुमचं नाव-पत्ता, वहीत औषध, डोस, पेशंट आणि तारखेची नोंद, त्या नोंदीचा क्रमांक पाकिटावर, आणि वही शेवटच्या नोंदीपासून २ वर्षं. हे करणं जमत नसेल तर ही औषधं दवाखान्यातून देऊच नका, चिठ्ठी लिहा. माझ्या मते हाच सोपा मार्ग.

फोनवरची मागणी वेगळीच. 'डॉक्टर, व्हॉट्सॲपवर चिठ्ठी टाका ना.' २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांत शेड्यूल एक्स आणि एनडीपीएसच्या यादीतली औषधं दूरस्थ सल्ल्यावर लिहायला मनाई आहे. पुढे मनोविकाराच्या काही औषधांबाबत तज्ज्ञांना थोडी मोकळीक मिळाली, ती तुमच्या-आमच्यासाठी नाही. आणि पुण्या-मुंबईहून किंवा परदेशातून आईसाठी फोन करणाऱ्या मुलाला एक माहिती अवश्य द्या. स्वतःच्या उपचारासाठी माणूस अशा औषधाच्या १०० मात्रा जवळ बाळगू शकतो. दीर्घकालीन उपचारासाठी डॉक्टरने तसं स्पष्ट लिहिलं असेल तर ३०० पर्यंत. पण हा आपला कायदा झाला. दुबईला लेकीकडे निघालेल्या आईच्या बॅगेत ट्रामाडॉल किंवा कोडीनचं औषध असेल तर तिथे आगाऊ परवानगी लागते. नाहीतर विमानतळावर अडचण होऊ शकते. प्रवासाला निघणाऱ्या ज्येष्ठांची पिशवी मी म्हणूनच एकदा रिकामी करून पाहतो.

आता मॉर्फिन, आणि इथे मी तुम्हाला धीर द्यायला आलो आहे. १९८५ च्या कायद्यानंतर परवान्यांच्या जंजाळामुळे देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढच्या दशकभरात नव्वद टक्क्यांहून जास्त घसरला. नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने, शेजारी मध्य प्रदेश-राजस्थानात परवान्याची अफूशेती, आणि इथे कॅन्सरचा पेशंट पॅरासिटामॉलवर विव्हळतोय. ही आपल्या व्यवस्थेतली फार दुःखाची गोष्ट आहे. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, ऑक्सिकोडोन, कोडीन, हायड्रोकोडोन यांना 'अत्यावश्यक गुंगीकारक औषधं' असा दर्जा दिला आणि राज्यागणिक वेगळे असलेले नियम देशभर एकसारखे केले. आता राज्याच्या औषध नियंत्रकाने मान्यता दिलेली वैद्यकीय संस्था ही औषधं ठेवू आणि देऊ शकते. तिथे वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर असावा लागतो. मुंबईत टाटा मेमोरियल, वांद्र्याचं १९८६ पासूनचं शांती आवेदना सदन, पुण्यात वारज्याचं १९९७ पासूनचं सिप्लाचं केंद्र ही शुश्रूषेची जुनी ठिकाणं. तुमच्या जिल्ह्यात मान्यताप्राप्त संस्था कोणती हे अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आजच विचारून ठेवा. पेशंट समोर विव्हळत असताना शोधाशोध नको.

मॉर्फिन तिथून येईल, पण रोजचा पेशंट तुमचाच. गोळी सहसा १० मिलिग्रॅमची. सुरुवात अर्ध्या गोळीने, दर चार तासांनी, घड्याळाप्रमाणे. फार वृद्ध किंवा अशक्त असेल तर अडीच मिलिग्रॅम. दुखल्यावर द्यायचं नाही, दुखू नये म्हणून द्यायचं. रात्री झोपताना दुप्पट दिली की मधल्या डोसला उठवावं लागत नाही. मधेच उसळणाऱ्या वेदनेसाठी दिवसाच्या एकूण मात्रेचा सहावा भाग. आणि पहिल्या दिवसापासून, न विसरता, पोट साफ करणारं बायसाकोडिल. मॉर्फिनच्या बाकी त्रासांची माणसाला सवय होते, पण बद्धकोष्ठतेची होत नाही. कितीतरी नातेवाईक 'मॉर्फिनने त्रास झाला' म्हणून ते बंद करतात तेव्हा त्रास तटलेल्या शौचाचा असतो. पहिले काही दिवस मळमळ आणि पेंग येते, ती ओसरते. मूत्रपिंड बिघडलं असेल तर मॉर्फिन अंगात साठतं, तेव्हा डोस कमी आणि अंतर जास्त, किंवा तज्ज्ञांना विचारून दुसरं औषध. पेशंट हाक मारूनही नीट जागा होत नाही, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या आणि श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला तर नालोक्सोन. ४०० मायक्रोग्रॅमची अँप्युल सलाइनने १० मिलिलिटर करा आणि एकेक मिलिलिटर शिरेतून, श्वास सुधारेपर्यंत. पूर्ण अँप्युल एकदम दिली तर वेदना एका झटक्यात परत उसळतात. योग्य डोसने, हळूहळू वाढवत दिलेल्या मॉर्फिनने माणूस दगावतो ही समजूत मात्र सोडून द्या. आणि असह्य वेदनेसाठी घेणाऱ्याला 'व्यसन लागेल' असं सांगून परत पाठवू नका.

घरच्यांना एक कागद लिहून द्या, मराठीत, मोठ्या अक्षरात : वेळ, किती, दिली की खूण. गोळ्या कुलपात, एकाच माणसाच्या ताब्यात. घरी गेलात की गोळ्या मोजा आणि मोजल्याचं सांगा. त्यात अविश्वास नाही, घरातल्या मुलांची आणि एखाद्या भाच्या-पुतण्याची काळजी आहे. फेंटानिलची पट्टी असेल तर ती ७२ तासांची असते, गरम पाण्याच्या पिशवीजवळ ठेवू नये, आणि उतरवलेल्या पट्टीतही पुष्कळ औषध शिल्लक राहतं. चिकट बाजू आत घडी करून टाकायची, लहान मुलाच्या हाती लागता कामा नये. पूर्वी अशी औषधं कधीच न घेतलेल्या पेशंटला थेट पट्टी लावणं चूकच.

पेशंट गेल्यावर उरलेल्या गोळ्यांचं काय, हा प्रश्न घरचे विचारत नाहीत, आपण विचारायचा. दहाव्या-बाराव्याची गडबड संपली की एक फोन करा. मान्यताप्राप्त संस्थेने परत घेतल्या तर सर्वांत उत्तम. ते शक्य नसेल तर मे २०२५ मध्ये केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने काढलेल्या सूचनांत १७ औषधांची यादी आहे. त्यात फेंटानिल, मॉर्फिन, ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, डायझेपाम अशी औषधं आहेत, आणि ती घरात पडून राहण्यापेक्षा शौचालयात टाकून पाणी सोडावं असं म्हटलं आहे. इतर औषधांना हा नियम लावू नका, ती अशी सांडपाण्यात जाता कामा नयेत.

राहिला तुमचा शेवटचा धागा, औषध निरीक्षक किंवा पोलीस चौकशीला आले तर. त्यांना बसवा, वही आणि खरेदीची बिलं समोर ठेवा, कपाट उघडून साठा मोजून दाखवा. पेशंटचे केसपेपर किमान ३ वर्षं ठेवायचे आहेतच. निदान, मात्रा, संख्या आणि पुढच्या भेटीची तारीख त्यात असेल तर तुमच्या वतीने तेच बोलतात. पेशंटची खासगी माहिती मागितली तर लेखी मागणी घ्या आणि तिची प्रत ठेवा. चौकशीच्या भीतीने केसपेपर नंतर 'पूर्ण' करायला मात्र जाऊ नका. मागाहून घातलेली ओळ शाईवरून ओळखू येते, आणि खरी असलेली बाकीची पानंही मग संशयात येतात.